डिटेक्टर आधी अंगणात सुरू करा

गॅसगळती शोधायचं हातातलं उपकरण आता बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातही सहज मिळतं. मोबाइलवरून मागवलं की चार-पाच दिवसांत घरपोच येतं. हवी तशी वाकणारी मान, टोकाला जाळीत बसवलेला सेन्सर, दोन-तीन बटणं आणि गॅस लागला की वाढत जाणारी टिकटिक, एवढाच त्याचा पसारा. खानावळी चालवणारे, हॉटेलवाले, शेगडी दुरुस्त करणारे हे उपकरण घेऊ लागलेत, याचं मला मनापासून बरं वाटतं. पण ते वापरताना पहिली चूक बहुधा पहिल्याच मिनिटाला होते. वास आला म्हणून माणूस डिटेक्टर घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरतो, टाकीजवळ उभा राहून बटण दाबतो आणि आवाज होतो का ते ऐकत राहतो.

यात दोन धोके आहेत. पहिला असा की, यातली बरीच उपकरणं सुरू होताना भोवतालची हवा स्वच्छ आहे असं धरून चालतात आणि त्या हवेलाच शून्य मानतात. खोलीत आधीच गॅस साठलेला असेल तर त्या गॅससकट शून्य ठरतं. मग डिटेक्टर गप्प बसतो आणि माणूस निर्धास्त होतो. दुसरा धोका ठिणगीचा. दोन-तीन हजारांत मिळणारं साधं उपकरण स्फोटक वातावरणात चालवण्यासाठी प्रमाणित केलेलं असेलच असं नाही. त्याचं बटण, त्याची बॅटरी, आत तापणारा सेन्सर यांचा भरवसा साठलेल्या गॅसमध्ये धरता येत नाही. म्हणून डिटेक्टर सुरू करायचा तो अंगणात, गच्चीवर, नाहीतर रस्त्याच्या बाजूला. तिथे त्याला तापू द्यायचं. काहींना अर्धं मिनिट पुरतं, काहींना दोन-तीन मिनिटं लागतात, हे सोबतच्या पत्रकात लिहिलेलं असतं. शून्य स्थिर झालं की मगच आत पाऊल टाकायचं.

आणि काही वेळा तर हे उपकरण खिशातच ठेवायचं. वास तीव्र असेल, टाकीजवळ फुस्स आवाज येत असेल, तर ती वेळ शोधाची नाही. शेगडी, निरांजन, उदबत्ती, जे काही पेटलेलं असेल ते विझवा. हात पोचत असेल तर रेग्युलेटर बंद करून काढा आणि टाकीला दोरीने बांधलेली सेफ्टी कॅप घट्ट बसवा. विजेचं चालू असलेलं बटण चालूच राहू द्या, बंद असलेलं बंदच राहू द्या. पंखा लावून गॅस बाहेर घालवू असं अनेकांना वाटतं. त्या बटणाच्या आतली ठिणगीच घात करते. फ्रिज तर कुणी हात न लावताही अधूनमधून आपोआप सुरू होतो. त्यामुळे मीटरचा बोर्ड घराबाहेर असेल तर तिथून मेन स्विच बंद करावा. आत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. दारं-खिडक्या उघडा, घरातली माणसं बाहेर काढा आणि बाहेर आल्यावरच मोबाइल हातात घ्या. १९०६ हा एलपीजी गळतीसाठीचा देशभरचा क्रमांक आहे आणि तो रात्रंदिवस चालू असतो. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२.

मग डिटेक्टरचं काम कधी? वास पुसटसा आहे पण कुठून येतोय ते कळत नाही, तेव्हा. नवी टाकी जोडल्यावर, नळी बदलल्यावर, शेगडी दुरुस्त होऊन आल्यावर. आणि वास अजिबात नसताना, महिन्यातून एकदा, सवयीने.

एलपीजीला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचा उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो, जेणेकरून पेट घेण्याच्या पातळीच्या कितीतरी आधी माणसाला सुगावा लागावा. नाक हे काम चांगलं करतं, पण त्याच्या मर्यादा आहेत. एकाच वासात बराच वेळ बसलेल्या माणसाला तो वास जाणवेनासा होतो. सर्दी झालेल्याला, तपकीर ओढणाऱ्याला, बऱ्याच वयस्कर माणसांना तो उशिरा कळतो. चरचरीत फोडणीत तो दडून जातो. शिवाय वास आहे हे नाक सांगतं, तो कुठल्या सांध्यातून येतोय हे सांगत नाही. १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुंबईत चेंबूर, घाटकोपर, पवई, अंधेरी अशा दूरदूरच्या भागांतून गॅसच्या वासाच्या तक्रारी आल्या. अग्निशमन दलाच्या गाड्या बाहेर पडल्या, महानगर गॅसने आपल्या वाहिन्या तपासल्या, पण त्यांच्या जाळ्यात गळती सापडली नाही. कितीतरी माणसांची नाकं एकाच वेळी वास आल्याचं सांगत होती आणि तरी तेवढ्यावरून उगम सांगता येत नव्हता. उगम शोधायचा तर जागोजागी हवा मोजत जावं लागतं. हेच काम आपल्याला दहा फुटांच्या खोलीत करायचं आहे.

त्यासाठी थोडं गणित ठाऊक हवं. हवेत एलपीजीचं प्रमाण साधारण १.८ ते ९.५ टक्के असलं की मिश्रण पेट घेऊ शकतं. खालच्या मर्यादेला उपकरणाच्या भाषेत ‘एलईएल’ म्हणतात. ती मर्यादा म्हणजे १०० टक्के एलईएल. डिटेक्टरवर १० टक्के एलईएल दिसलं तर हवेत गॅस सुमारे ०.१८ टक्के, म्हणजे १८०० पीपीएम (दहा लाख भागांत १८०० भाग) आहे. ‘फक्त दहाच टक्के’ असं म्हणून हा आकडा सोडून देणारी माणसं असतात. मोठ्या कारखान्यांत पहिली धोक्याची घंटा साधारण याच पातळीला किंवा २० टक्क्यांना वाजवतात, आणि घरात तर एवढा आकडा दिसला की शोध थांबवून बाहेर पडावं. सांध्यावरची बारीक गळती शोधणारी उपकरणं ५०-१०० पीपीएमलाही टिकटिकायला लागतात. ती संवेदनशीलता आपल्याला हवी आहे, कारण धोका फार लांब असताना गळती सापडते.

आता खोलीचा हिशोब करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. त्यात १.८ टक्के एलपीजी व्हायला अर्धा घनमीटर वायू पुरतो आणि त्याचं वजन भरतं साधारण एक किलो. घरच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. हा हिशोब गॅस खोलीभर सारखा पसरला असं धरून केला. प्रत्यक्षात तो तसा पसरत नाही. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. तो पाण्यासारखा उताराकडे वाहतो, ओट्याखाली साठतो, मोरीच्या भोकात उतरतो, जुन्या वाड्यात स्वयंपाकघर पायरीभर खाली असेल तर तिथेच बसून राहतो. एक किलोच्या कितीतरी आधी जमिनीलगतची हवा पेटण्याजोगी झालेली असते आणि उभ्या माणसाच्या नाकाला फारसं काही जाणवतही नाही.

म्हणून एलपीजीचा शोध खालून सुरू करायचा. उंबरठ्यावर उभं राहून डिटेक्टरचं टोक जमिनीपासून चार बोटांवर धरा आणि थांबा. टिकटिक वाढत असेल तर आत जाऊ नका, आणखी हवा खेळू द्या. शांत असेल तर जमिनीलगत टोक ठेवून हळूहळू पुढे सरका. मोरी, ओट्याखालचा कप्पा, टाकीच्या बुडाभोवतीची जागा. ओट्याखाली झाकणाच्या कप्प्यात टाकी ठेवायची पद्धत आता सगळीकडे आली आहे. दिसायला छान दिसते, पण त्या कप्प्याला खालच्या बाजूला हवा जायला भोकं नसतील तर बारीक गळतीचाही तिथे साठा होतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा कप्प्याचं दार काढून टाकावं, निदान त्याला खालून जाळी बसवावी. कप्पा उघडताना दार हळू उघडा, डिटेक्टरचं टोक आधी फटीत धरा आणि मग उघडा.

पंखे बंद हवेत. खिडक्या उघड्या राहू द्या, पण वाऱ्याचा झोत थेट टाकीवर येत असेल तर शोध फसतो, कारण गॅस सांध्यापासून निघतो आणि आवाज भलतीकडेच येतो. अशा वेळी सांध्याच्या ज्या बाजूला वारा जातोय त्या बाजूने टोक धरायचं.

जमिनीलगतची पाहणी निर्धोक झाली की सांधे तपासायचे. इथे हाताचा वेग फार महत्त्वाचा आहे आणि नेमकी तिथेच घाई होते. सेन्सरपर्यंत हवा पोचायला, त्याने प्रतिसाद द्यायला काही सेकंद लागतात. टोक सांध्यापासून अर्धा ते एक सेंटीमीटरवर ठेवून सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर, एवढ्याच गतीने पुढे न्यायचं. नळीवरून झर्रकन फिरवलेला डिटेक्टर जिथे वाजतो तिथे गळती नसतेच, ती मागे राहिलेली असते. म्हणून आवाज वाढला की टोक मागे घ्यायचं, बाहेरच्या हवेत शांत होऊ द्यायचं आणि उलट दिशेने पुन्हा त्या जागेकडे यायचं. दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी आवाज चढला तर ती जागा खरी. जवळ गेल्यावर टिकटिक अखंड होऊन फरकच कळेनासा झाला तर संवेदनशीलता कमी करायचं बटण किंवा चाक असतं, ते वापरावं.

सांधे कोणत्या क्रमाने बघायचे यालाही अर्थ आहे. आधी रेग्युलेटर बंद स्थितीत, टाकीवर बसवलेलाच ठेवून त्याच्या गळ्याभोवती टोक फिरवा. इथे आवाज आला तर दोष टाकीच्या व्हॉल्व्हचा किंवा त्यातल्या छोट्या रबरी रिंगचा, ज्याला आपल्याकडे सर्रास वायसर म्हणतात. ती रिंग चिरलेली, कडक झालेली किंवा जागेवर नसलेली असू शकते. टाकी बदलल्याबरोबर आलेला वास बहुतेक वेळा इथलाच असतो. रेग्युलेटर काढा, कॅप लावा, टाकी मोकळ्या हवेत नेऊन ठेवा आणि एजन्सीला कळवा. चाकूच्या टोकाने, पिनेने व्हॉल्व्हशी खेळू नका. टाकीच्या आतला दाब नळीतल्या दाबाच्या शेकडो पटींनी जास्त असतो. तिथली गळती घरी दुरुस्त होत नाही.

ही जागा शांत असेल तर शेगडीची बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा. आता नळीत दाब आला. रेग्युलेटर आणि नळीचा जोड, नळीची सबंध लांबी, नळी आणि शेगडीचा जोड, मग शेगडीच्या प्रत्येक बटणाच्या मागचा कॉक. नळीच्या खालच्या वळणाकडे, भिंतीला घासणाऱ्या भागाकडे आणि उंदरांनी कुरतडण्याजोग्या कोपऱ्यांकडे विशेष बघा. बाजारपेठेजवळच्या घरांना उंदरांचा त्रास काय असतो ते सांगायला नको. नळीवर आयएस ९५७३ हा मानक क्रमांक आणि आयएसआयचं चिन्ह छापलेलं असावं. ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी, मग बाहेरून कितीही नवी दिसो. बटणामागचा कॉक गळत असेल तर तो बंद स्थितीत एकदा आणि थोडा हलवून एकदा तपासा. ग्रीस वाळलेला कॉक एका स्थितीत घट्ट बसतो आणि दुसऱ्या स्थितीत सुटतो. शेगडी पेटलेली असताना मात्र डिटेक्टर जवळ नेऊ नये. गरम वाफांनी सेन्सर गोंधळतो आणि बिघडतो.

डिटेक्टरने दाखवलेली जागा शेवटी साबणाच्या पाण्याने पक्की करायची. भांड्यांचा साबण पाण्यात दाट कालवून ब्रशने लावला की फुगे येतात. वाटतं, मग नुसतं साबणाचंच पाणी का नको? तेही चालतं, आणि डिटेक्टर नसेल तर तेच वापरावं. पण फुगे फक्त जिथे पाणी लावलं तिथेच दिसतात. संशय कुठे घ्यायचा हे डिटेक्टर सांगतो. उलट डिटेक्टर वाजला आणि फुगे आले नाहीत तर दुसऱ्या कुठल्यातरी वाफेने तो फसला असण्याची शक्यता असते. साबण लावलेल्या ओल्या सांध्याला सेन्सरचं टोक टेकवू नका. ओलसर जाळी म्हणजे आंधळा सेन्सर. काडी पेटवून गळती बघायची रीत आजही कुठे कुठे आहे. ती करणाऱ्याच्या हातातून काडीपेटी काढून घ्या, मग तो कितीही अनुभवी मेकॅनिक असो.

उपकरण फसतं कशाने, ते आतल्या सेन्सरवर अवलंबून असतं. स्वस्त, हातातल्या डिटेक्टरमध्ये बहुधा टिन ऑक्साइडचा अर्धवाहक सेन्सर असतो. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये त्याचा शोध लावला. तापवलेल्या टिन ऑक्साइडला ज्वलनशील वायू लागला की त्याचा विजेला होणारा विरोध घटतो, एवढ्यावर तो चालतो. तो अत्यंत संवेदनशील असतो, पण एलपीजी आणि सॅनिटायझर यांत त्याला फरक करता येत नाही. अत्तर, डिओडरंट, थिनर, ताजा रंग, पेट्रोल, तळणाचा धूर या सगळ्यांना तो वाजतो. हाताला सॅनिटायझर चोळून लगेच डिटेक्टर धरला तर सबंध घर गळतंय असं वाटेल. दुसऱ्या प्रकारच्या, महागड्या उपकरणांत एका लहानशा तापलेल्या मण्यावर गॅस जळतो आणि त्या उष्णतेवरून टक्केवारी मोजली जाते. एलईएलचा विश्वासार्ह आकडा हवा असेल तर हा सेन्सर चांगला. पण याला जळण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो, आणि सिलिकॉन मात्र त्याचा शत्रू आहे. सिंकभोवती भरायचं सिलिकॉन, काही पॉलिशं, केसांना लावायची काही सीरम यांच्या वाफेने तो हळूहळू मरतो. मेलेला सेन्सर आवाज करत नाही आणि मेलोय असंही सांगत नाही.

या दुसऱ्या प्रकारात आणखी एक खोच आहे. तो कोणत्या वायूवर जुळवून दिलेला आहे हे बघा. मिथेनवर जुळवलेला डिटेक्टर एलपीजीत नेला तर खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो, अनेकदा निम्म्याहून थोडाच अधिक. आपल्या घरातला, हॉटेलातला गॅस एलपीजी असेल तर प्रोपेन किंवा ब्युटेनवर जुळवलेलंच उपकरण मागावं.

खानावळींसाठी स्वतंत्र सांगायला हवं. बार्शीत कॉलेजला येणारी आसपासच्या तालुक्यांतली मुलं आणि नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, जगदाळे मामा हॉस्पिटल अशा दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक यांच्या जेवणाची सोय लहानमोठ्या मेसवर चालते. आषाढी-कार्तिकीला भगवंताच्या दर्शनाची गर्दी झाली की रस्त्याकडेच्या भट्ट्याही वाढतात. इथे १९ किलोच्या टाक्या असतात, त्या अनेकदा एकाच नळाला जोडलेल्या असतात, भट्टीचा रेग्युलेटर जास्त दाबाचा असतो आणि नळ्या पायाखाली येतात. दाब जास्त म्हणजे त्याच भोकातून निघणारा गॅसही जास्त. परवान्याशिवाय एका ठिकाणी १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो, म्हणजे १९ किलोच्या पाच टाक्या. रिकाम्या म्हणून कोपऱ्यात लोटलेल्या टाक्यांतही थोडा गॅस असतोच. त्यांचे व्हॉल्व्हही डिटेक्टरखालून घालावेत.

मेसवाल्यांनी शोधाची वेळ ठरवून घ्यावी: रात्री भट्ट्या विझल्या, भांडी घासून झाली, स्वयंपाकघर थंड झालं, की पाच मिनिटं. ज्या माणसाकडे रात्री टाक्या बंद करायचं काम आहे त्याच्याच हातात डिटेक्टर द्यावा. सगळे व्हॉल्व्ह बंद केल्यावर टाक्यांच्या माना, मग नळाचे जोड. सकाळी पहिली काडी ओढण्याआधी जमिनीलगत पुन्हा एक फेरी. रात्रभर बंद राहिलेल्या खोलीत बारीक गळतीला साठायला सहा-सात तास मिळालेले असतात, आणि अपघाताची खरी वेळ तीच. दार उघडून पाच मिनिटं थांबणं आणि मग डिटेक्टर आत नेणं, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

मोठ्या गळतीत उपकरणाची जागा काय, ते १ फेब्रुवारी २०२४ ला छत्रपती संभाजीनगरात दिसलं. पहाटे सिडको उड्डाणपुलाजवळ एलपीजीचा टँकर धडकला आणि गळू लागला. जालना रस्त्यावरची वाहतूक थांबवली, परिसरातली वीज तोडली, लोकांना घरात काही पेटवू नका म्हणून सांगितलं आणि गॅस विरळ व्हावा म्हणून तासन् तास पाण्याचा मारा चालू ठेवला. अशा ठिकाणी प्रमाणित उपकरणं घेऊन प्रशिक्षित माणसं वाऱ्याच्या दिशेने, बाहेरून आत हवा मोजत जातात. कुर्डुवाडी किंवा लातूर रस्त्यावर असा प्रसंग आलाच, तर आपला घरगुती डिटेक्टर घेऊन बघायला जाण्याचा मोह टाळा. वारा ज्या दिशेकडून येतोय त्या दिशेला लांब जा, गाडी सुरू करू नका, इतरांनाही करू देऊ नका. स्फोटक वातावरणात कोणती विद्युत उपकरणं चालतील याची मंजुरी देणारी केंद्र सरकारची संस्था, पेसो, हिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. कारखान्यासाठी, गॅस गोदामासाठी डिटेक्टर घेताना पेसोची मंजुरी आणि उपकरणावरची ‘ईएक्स’ खूण बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

तालुक्यातल्या गावांतून अजूनही गोबरगॅसची संयंत्रं आहेत, आणि तिथे नियम बदलतात. गोबरगॅसमध्ये मिथेन ५५ ते ६५ टक्के, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. मिथेन हलका, कार्बन डायऑक्साइड जड, म्हणून मिश्रण हवेच्या आसपासच्याच वजनाचं होतं. ते खाली बसेल की वर जाईल याचा भरवसा नाही. जमिनीलगत, मधे आणि आढ्याजवळ असं तिन्ही ठिकाणी मोजावं. मिथेनची पेटण्याची खालची मर्यादा ५ टक्के, वरची १५. शहरांत पाइपने येणारा गॅस आणि वाहनांतला सीएनजी मुख्यतः मिथेनच असतो. तो वर चढतो, म्हणून तिथे शोध छतापासून सुरू करायचा.

पण गोबरगॅसच्या खड्ड्यात, विहिरीत, शौचालयाच्या टाकीत उतरण्यासाठी ‘डिटेक्टर शांत आहे’ हा आधार कधीही धरू नका. इथे मी आग्रहाने सांगतो आहे. ज्वलनशील वायूचा डिटेक्टर हवेत ऑक्सिजन किती आहे हे सांगत नाही. मण्याचा सेन्सर तर ऑक्सिजन कमी पडला की जळणंच थांबवतो, आकडा आधी वर जातो आणि मग शून्याकडे उतरतो. खड्डा गॅसने भरलेला आणि उपकरणावर शून्य, असं होऊ शकतं. जोडीला हायड्रोजन सल्फाइड असतो, जो पेटण्याच्या पातळीच्या फार आधी माणूस मारतो आणि जास्त प्रमाणात नाकाची वास घेण्याची शक्तीच घालवतो. एकामागोमाग एक वाचवायला उतरलेली माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू हे चारही मोजणारं उपकरण, श्वसनाची सोय, कमरेला दोर आणि वर माणसं असल्याशिवाय कुणी खाली जाऊ नये. शौचालयाची टाकी साफ करायला सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी यंत्राची गाडी मागवावी.

बार्शी धान्याची पेठ, त्यामुळे गोदामांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तूर, हरभरा, ज्वारीला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात आणि त्यातून फॉस्फीन वायू निघतो. फॉस्फीन ज्वलनशील आहे, म्हणून कुणी एलईएलचा डिटेक्टर घेऊन गोदामात जायचा विचार करेल. हिशोब मांडून बघा. त्याची पेटण्याची खालची मर्यादा साधारण १.८ टक्के, म्हणजे उपकरणावरचा एक टक्का एलईएल सुमारे १८० पीपीएम. आणि फॉस्फीन ५० पीपीएमलाच जिवाला तातडीचा धोका समजला जातो. डिटेक्टरचा आकडा हलायच्या आत माणूस विषारी हवेत गेलेला असतो. तिथे फॉस्फीनचंच स्वतंत्र मापक लागतं. घरात राहती खोली आणि धान्याची कोठी एकाच भिंतीला लागून असेल तर या गोळ्या वापरूच नयेत.

न्हाणीघरातला गॅस गिझर हाही असाच फसवा. नळी, सांधे यांची गळती डिटेक्टरने जरूर शोधा. मात्र बंद न्हाणीघरात गिझरमुळे जे मृत्यू होतात ते बहुधा अर्धवट जळण्यातून झालेल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे. त्याला वास नसतो आणि हे उपकरण त्यासाठी नाही. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवणं हाच उपाय.

आता उपकरणाची निगा. दर वापराआधी ते जिवंत आहे ना हे पाहावं. बाहेर मोकळ्यात, न पेटवता, लायटरचा गॅस क्षणभर सोडून दोन-तीन सेंटीमीटरवरून टोकाला लागू द्या. आवाज चढला आणि लायटर बाजूला घेतल्यावर काही सेकंदांत उतरला, तर ठीक. आवाज आला पण उतरतच नाही, किंवा फार उशिरा चढतो, तर सेन्सर थकला आहे. लायटर टोकाला टेकवून धरू नका, एवढ्या दाट गॅसने चांगला सेन्सरही बिघडतो. या परीक्षेतून उपकरण गॅस ओळखतं एवढंच कळतं, आकडा बरोबर आहे की नाही ते कळत नाही. आकडा दाखवणारी उपकरणं ठरावीक प्रमाणाच्या गॅसवर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने जुळवून घ्यावी लागतात. घेतानाच दुकानदाराला विचारा की जुळवणी कुठे होते, नवा सेन्सर मिळतो का. उत्तर देता आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

उन्हाळ्यात बार्शीचा पारा चाळिशी ओलांडतो. गाडीच्या काचेखाली पडून राहिलेला डिटेक्टर पावसाळ्यात दगा देणार हे धरून चाला. तो स्वयंपाकघरातही ठेवू नका, तेलाच्या वाफा जाळीवर बसतात. देवघराजवळ उदबत्तीचा धूर असतो, तिथेही नको. बाहेरच्या खोलीत, दाराशी, पिशवीत घालून टांगून ठेवा. बॅटरी दोन महिन्यांनी बदला आणि ती बदलायची तीही बाहेर. त्याच पिशवीत साबण लावायचा जुना ब्रश, एक नवी रबरी रिंग एजन्सीकडून आणून, आणि जाड अक्षरांत लिहिलेला कागद असू द्या. त्यावर १९०६, एजन्सीचा क्रमांक, नळी घेतल्याची तारीख आणि शेवटच्या तपासणीची तारीख. टाकी घेताना तिच्या वरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात, तेही त्याच वेळी वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. टाकीची पुन्हा चाचणी करण्याची ही मुदत उलटून गेलेली टाकी दारातूनच परत पाठवा. मुदतीतली असेल तर टाकी देणाऱ्याकडून तिथेच, त्याच्यासमोर, वजन आणि व्हॉल्व्ह तपासून घ्या. ते करून देणं वितरकाचं काम आहे. तो निघून जायच्या आत अंगणात सुरू केलेला डिटेक्टरही टाकीच्या मानेभोवती एकदा सावकाश फिरवा.